‘इसेन्शियल’ रक्तदाब : एका संज्ञेची चिकित्सा

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा सर्पगंधेवरील निबंध १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. परंपरेने ज्ञात असलेल्या एका भारतीय वनस्पतीकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधणारे लेखन म्हणून त्याची थोरवी निर्विवाद आहे. तथापि त्याच्या शीर्षकातील ‘इसेन्शियल हायपरटेन्शन’ ही संज्ञा तपासून पाहणे अगत्याचे वाटते.

या विशेषणाने रोगाचे स्वरूप सांगितल्याचा भास होतो. वस्तुतः त्यातून व्यक्त होते ते एवढेच, की कारण सापडलेले नाही. याचा दोष वकिलांकडे जात नाही. अधिवृक्क ग्रंथीतील अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वेगळे काढले गेले ते १९५३ साली; आणि त्याच्या अतिस्रावाने रक्तदाब चढतो हे अमेरिकेतील जेरोम कॉन यांनी १९५५ साली प्रसिद्ध केले. जे मोजताच येत नव्हते, ते वगळणार कसे? आज मात्र रक्तातील अल्डोस्टेरॉन व रेनिन मोजून त्यांचे गुणोत्तर काढता येते. अशा वेळी तीच संज्ञा चाचणीवाचून वापरणे म्हणजे अज्ञानाला निदानाचे नाव देणे होय.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. दोष एकाच ग्रंथीत असेल तर शस्त्रक्रियेने रोग बरा होऊ शकतो. दोहोंत असल्यास स्पायरोनोलॅक्टोनसारखे नेमके औषध आहे. तपासणी न झालेला रोगी मात्र गोळ्या बदलीत राहतो, आणि हृदय व मूत्रपिंडे झिजत जातात.

यावर कोणी म्हणेल, की खरा अपराधी मीठ आहे. वकिलांच्याच मुंबईत, वर्सोव्याच्या कोळीवाड्यात खारवलेली मासळी आवडीने खाणाऱ्या रोग्यास मीठ कमी करण्याचा सल्ला देणे योग्यच. परंतु अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडांकरवी सोडियम शरीरात धरून ठेवते. म्हणून ताटातील मिठापुरता विचार अपुरा ठरतो. शिवाय चाचणीपूर्वी मीठ अगदी तोडल्यास रेनिन वाढते, गुणोत्तर उतरते व रोग झाकला जाऊ शकतो. कित्येक रक्तदाबशामक औषधेही असाच घोटाळा करतात. तेव्हा आहार व औषधे यांची चौकशी केल्याविना आकड्यावर विसंबणे हीसुद्धा तितकीच मोठी चूक होय.

उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक रोग्याची ही चाळणी व्हावी, असे अमेरिकेतील एन्डोक्राइन सोसायटीने २०२५ साली सुचविले. ‘इसेन्शियल’ हा शब्द लिहावयाचाच झाला, तर तो या तपासणीच्या अखेरीस लिहिला जावा.