शुभवर्तमानाचा श्रोता

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची चर्चा आजवर बहुधा वक्त्याच्या बाजूने झाली. फादर स्टीफन्स, बाबा पदमनजी, रेव्हरंड टिळक यांनी काय सांगितले, कोणत्या हेतूने सांगितले, त्यात प्रचार किती आणि काव्य किती, हे प्रश्न पुष्कळदा विचारले गेले. ज्याला उद्देशून हे सांगणे होते, तो धर्माबाहेरचा श्रोता या संहितांत कोठे बसला आहे, त्याला बोलू दिले आहे काय, आणि मुख्य म्हणजे त्याला नकार देण्याची मुभा आहे काय, याची चौकशी मात्र क्वचितच होते. वाङ्मयीन मूल्याचा प्रश्न या चौकशीशी वरवर वाटतो त्याहून अधिक निगडित आहे.

या संदर्भात आबे द्युब्वा या फ्रेंच मिशनऱ्याचे स्मरण करणे उचित ठरेल. म्हैसूर संस्थानात दीर्घकाळ काम करून १८२३ मध्ये मायदेशी परतलेल्या या धर्मगुरूने त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या पत्रांत, त्या परिस्थितीत हिंदूंचे धर्मांतर घडणे अशक्य आहे, असा निर्वाळा दिला. देशी भाषांतील बायबलची भाषांतरे इतकी ओबडधोबड आहेत की ती वाचून जाणत्या हिंदूच्या मनात तिटकाराच उत्पन्न होईल, असेही त्याचे मत होते. बेंगळुरूच्या ज्या भागाला आज शिवाजीनगर म्हणतात, तेथील सेंट मेरी बॅसिलिकेची परंपरा याच द्युब्वाशी जोडली जाते. पूर्वीच्या या ब्लॅकपल्लीत दर वर्षी ८ सप्टेंबरला मरियेचा उत्सव होतो. साडी नेसलेल्या त्या मूर्तीपुढे हिंदू व मुसलमान भाविकही मेणबत्त्या लावतात आणि आपापल्या धर्मात परत जातात. द्युब्वाचे भाकीत खरे की खोटे, हे या गर्दीवरून ठरवता येत नाही. तथापि भाषेविषयीची त्याची तक्रार गंभीर होती, आणि तिचे उत्तर मराठीत त्याच्याही दोन शतके आधी दिले गेले होते.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ ची सालढाणा यांची मंगळूर आवृत्ती, लंडनमध्ये सापडलेले देवनागरी हस्तलिखित आणि शांताराम बंडेलू यांची १९५६ ची देवनागरी आवृत्ती यांवर मराठी अभ्यासकाची भिस्त राहिली आहे. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथातील मराठीस्तुती पाठ्यपुस्तकांनी इतकी उचलून धरली की बाकीचा ग्रंथ तिच्या छायेत गेला. हे थोडे दुर्दैवाचेच म्हटले पाहिजे.

ग्रंथाची खरी किल्ली त्याच्या प्रारंभीच्या प्रसंगात आहे. मुलांना धर्मशिक्षण चालू असताना एक ब्राह्मण पाद्रीपुढे येतो आणि सुचवतो की जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरे काही द्या. ही मागणी साधी नाही. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीस पाच जेझुइट मारले गेले, आणि त्यानंतर गावाला त्याची जबर किंमत मोजावी लागली. ज्याचे पुराण गेले आहे त्याने दुसरे पुराण मागावे, यातील विषाद कवीने लपवलेला नाही. कदाचित तो त्याला पुरता उमगलाही नसेल. तेव्हा ‘ख्रिस्तपुराणा’चा श्रोता काटेकोरपणे पाहता बाहेरचा नाहीच. तो नुकताच आत आणला गेलेला आणि मनाने अद्याप उंबऱ्यावर असलेला आहे. पुढे तो कथेला थांबवून शंका विचारतो, आणि ‘वैकुंठ’, ‘मोक्ष’, ‘स्वामी’ हे त्याचे ओळखीचे शब्द कवी त्याला परत देतो. मात्र उठून जाण्याचा अधिकार त्याला नाही. ग्रंथाची भव्यता आणि त्याची मर्यादा दोन्ही येथेच आहेत. ओवी स्टीफन्सने खऱ्या अर्थाने आपलीशी केली, यात शंका नाही; परंतु ज्ञानदेवांच्या अर्जुनाला जो संशय परवडतो तो साष्टीच्या श्रोत्याला परवडत नव्हता.

बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीत चित्र वेगळे आहे. लेखक बेळगावचा, १८५४ मध्ये तेथेच बाप्तिस्मा घेतलेला, म्हणजे कालपरवापर्यंत स्वतः श्रोता असलेला. यमुना व विनायक यांच्या प्रवासात भेटणाऱ्या विधवांचे दुःख तो कळकळीने नोंदवतो. परंतु वाद सुरू झाला की निकाल आधीच लागलेला असतो. प्रतिपक्षाच्या तोंडी बळकट युक्तिवाद देण्याचे धैर्य कादंबरीकाराने दाखवलेले नाही. विधवांच्या हकिकती तेवढ्या आजही वाचवतात, कारण त्या कोणालाच काही पटवीत नाहीत.

पंडिता रमाबाईंची वाट अगदी उलट दिशेची. मूळ हिब्रू व ग्रीकवरून त्यांनी केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्ण स्वरूपात आले. स्टीफन्सने जे शब्द आपलेसे केले, त्यांतील हिंदू संस्कारांचे ओझेच त्यांना नको होते. संस्कृताच्या पंडितेने संस्कृत शब्दकळेकडे पाठ फिरवावी, यातील ताण स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

नारायण वामन टिळकांपाशी येताना सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची जागा प्रथमच एक होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. त्या प्रवाशाने वाद घातला नाही, पुस्तक दिले आणि तो निघून गेला. टिळक गिरिप्रवचनापाशी थांबले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, ही त्यांची धारणा केवळ सोयीची उपमा नव्हती. त्यांच्या अभंगांत उपदेशापेक्षा आर्तता अधिक आहे, ती या धारणेमुळे. जेथे ते उपदेशाकडे वळतात तेथे रचना सैल पडते. १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून ते ‘देवाच्या दरबारा’कडे वळले, त्यामागे परक्या संस्थेच्या आवाजात आपल्या माणसांशी बोलण्याचा कंटाळा असावा.

परंतु टिळकांच्या सर्वांत जवळच्या श्रोत्याने पाच वर्षे त्यांचे ऐकले नाही. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३७) हे त्या न ऐकण्याचे पुस्तक आहे. पती ख्रिस्ती झाल्याची वार्ता, आकांत, नातलगांकडचे पंढरपूर, मग पुन्हा एकत्र येऊनही आपली चूल वेगळी ठेवून पाळलेले सोवळे, हे सारे लक्ष्मीबाई ज्या मिस्कीलपणाने सांगतात, त्यात कोठेही पश्चात्तापाचा अभिनिवेश नाही. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोपर्यंत त्यांच्यातून प्रथम जातिभेद गळून पडला होता. ख्रिस्त त्यानंतर आला. हा क्रम कोणत्याही प्रवचनात बसणारा नाही. धर्मांतरानंतरच्या लेखिकेने धर्मांतरापूर्वीच्या स्वतःला अज्ञानी ठरवलेले नाही, ही गोष्ट या प्रकारच्या लेखनात फार दुर्मिळ आहे. विक्षिप्त, तापट, घरातली वस्तू दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा टिळक या पानांत जितका पटतो, तितका तो श्रद्धाळू चरित्रांत पटत नाही. येथे श्रोत्याला नकार देता आला, म्हणून त्याच्या होकाराला वजन आले.

याच लक्ष्मीबाईंनी पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. टिळकांनी आरंभीचे थोडे अध्याय लिहिले होते. उरलेल्या ग्रंथाचा बहुतांश भाग, शालेय शिक्षण न मिळालेल्या या बाईने ओवीत पुरा केला, आणि तो त्यांच्या निधनानंतर १९३८ मध्ये प्रकाशित झाला. समीक्षेने ‘स्मृतिचित्रे’ डोक्यावर घेतली आणि या ओव्यांकडे पतिनिष्ठेचे काम म्हणून पाहिले. त्या ओव्या टिळकांच्या अध्यायांशेजारी ठेवून, आणि त्या दोन्ही स्टीफन्सच्या ओवीशेजारी ठेवून, कोणी तपशीलवार वाचल्या तर या वाङ्मयाच्या इतिहासातील बायकोच्या जागेविषयीचे प्रचलित मत तसेच टिकेल, असे वाटत नाही.