सामाजिक व एकजुटीची अर्थव्यवस्था आणि परभणी जिल्ह्याचा शाश्वत विकास : एक चिकित्सा

प्रस्तावना :
18 एप्रिल 2023 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने शाश्वत विकासासाठी ‘सामाजिक व एकजुटीच्या अर्थव्यवस्थे’ला चालना देण्याचा ठराव संमत केला. ऐच्छिक सहकार्य, लोकशाही कारभार, स्वायत्तता आणि वाढाव्याच्या वाटपात भांडवलापेक्षा माणसाला अग्रक्रम ही या अर्थव्यवस्थेची प्रमुख तत्त्वे होत. सहकाराची दीर्घ परंपरा लाभलेल्या महाराष्ट्राला ती अपरिचित नाहीत. मात्र ही एकजूट नेमकी कोणाची, हा प्रश्न परभणी जिल्ह्याच्या संदर्भात उपस्थित करणे अगत्याचे ठरते.

विवेचन :
विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. प्रक्रिया उद्योगाची मालकी उत्पादकाकडे राहू शकते, हे त्याने सिद्ध केले. परंतु या प्रारूपाचा आधार ऊस, म्हणजेच पाणी आहे. परभणी जिल्ह्यात जायकवाडीचा डावा कालवा येतो. तथापि कालव्याबाहेरचा मोठा शेतकरी वर्ग कापूस, सोयाबीन व तूर या कोरडवाहू पिकांवर अवलंबून आहे. ऊस उत्पादक सभासद होतो. कोरडवाहू शेतकरी आणि मुकादमाकडून उचल घेणारा ऊसतोड मजूर सभासदत्वाबाहेरच राहतो. पाण्याचा भार मात्र सर्वांवर पडतो. अशा सहकारात सभासदांची एकजूट असते, प्रदेशाची नसते.

1992 मध्ये नाबार्डने सुरू केलेल्या बँक जोडणी कार्यक्रमामुळे आणि 2011 पासूनच्या ‘उमेद’ अभियानामुळे बचत गटांनी हे वर्तुळ निश्चितच विस्तारले. सावकाराला पर्याय मिळाला, हे यश नाकारता येणार नाही. तथापि कर्जवाटप व परतफेड हेच मूल्यमापनाचे निकष झाल्यास गट पतपुरवठ्यापुरता मर्यादित राहतो. कापूस, सोयाबीन कच्च्या स्वरूपात विकले जातात. सरकी, पेंड, तेल यांतील मूल्यवृद्धी उत्पादकाच्या हाती येत नाही. 2002 च्या कायदा दुरुस्तीने शक्य झालेल्या उत्पादक कंपन्या ही पोकळी भरू शकतात. मात्र केवळ अनुदानासाठी स्थापन झालेल्या कंपनीत स्वायत्तता रुजणे कठीण असते.

निष्कर्ष :
सारांश, संस्थांची संख्या हा या अर्थव्यवस्थेचा निकष होऊ शकत नाही. भूमिहीन व कोरडवाहू कुटुंबांना सभासदत्व, प्रक्रियेतील वाढाव्यावर सभासदांचा अधिकार आणि पाण्याचा मर्यादित वापर या तीन कसोट्यांवर प्रत्येक संस्था तपासली गेली पाहिजे. कोरडवाहू पिकांच्या प्रक्रियेला सहकाराचे अधिष्ठान लाभल्यासच परभणीच्या संदर्भात शाश्वत विकासाची संकल्पना अर्थपूर्ण ठरेल.