उंदराचा दमा : दृष्टांत आणि दार्ष्टांतिक

ॲलर्जिक दम्याच्या आधुनिक उपपत्तीचा बराचसा भार ज्या प्राण्यावर आहे, त्या उंदरास दमा आपण होऊन जडत नाही. प्रयोगशाळेत तो जडवावा लागतो. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या भागातील ओव्हॅल्ब्युमिन हे प्रथिन ॲल्युमिनियमच्या क्षारासह त्याच्या पोटात टोचतात आणि काही दिवसांनी तेच श्वासावाटे देतात. मग श्वासनलिकांभोवती इओसिनोफिल पेशी जमतात, श्लेष्मा वाढतो आणि नलिका अल्प उत्तेजनानेही आकुंचन पावतात.

या पद्धतीचे ऋण मोठे आहे. मॉसमन व कॉफमन यांनी १९८६ साली उंदराच्या साहाय्यक टी-पेशींचे दोन वर्ग दाखविले. त्यांपैकी दुसऱ्या वर्गाच्या पेशी जी द्रव्ये स्रवतात, त्यांतील इंटरल्यूकिन-४ मुळे 'ई' वर्गाचे प्रतिपिंड निर्माण होतात, इंटरल्यूकिन-५ इओसिनोफिलांचे पोषण करते आणि इंटरल्यूकिन-१३ श्लेष्मा वाढविते. हे शेवटचे द्रव्य एकटेच उंदरात रोगाची प्रमुख लक्षणे उत्पन्न करू शकते, हे १९९८ साली सिद्ध झाले.

तथापि जे पुरेसे ते आवश्यकही असते, असे नव्हे. आणि जे उंदरात आवश्यक ते मनुष्यातही तसेच असेल, असेही नव्हे. इंटरल्यूकिन-५ चा अभाव असलेल्या उंदरांत इओसिनोफिलांचा संचय व नलिकांची अतिसंवेदनशीलता ही दोन्ही नाहीशी होतात, असे १९९६ साली आढळले. उलट, २००० साली सौम्य दमेकऱ्यांस या द्रव्याविरुद्धचे प्रतिपिंड दिले असता इओसिनोफिल घटले, परंतु नलिकांच्या प्रतिक्रियेत लक्षणीय फरक पडला नाही. औषध निरुपयोगी ठरते की काय, अशी शंका उत्पन्न झाली. पुढे २००९ साली, ज्यांच्या थुंकीत उपचारांनंतरही इओसिनोफिल आढळत असे रुग्ण निवडून प्रयोग झाले, तेव्हा दम्याचे तीव्र झटके स्पष्टपणे कमी झाले. २०१५ साली अमेरिकेत त्या औषधास मान्यताही मिळाली. तात्पर्य, उंदराची साक्ष खोटी नव्हती; सर्व दमेकऱ्यांचा रोग एकच, हे गृहीत चुकीचे होते.

पद्धतीचा दुसरा दोष अधिक मूलगामी आहे. ॲल्युमिनियमचा क्षार स्वतःच प्रतिकारयंत्रणेस दुसऱ्या वर्गाच्या मार्गाकडे वळवितो. त्यामुळे जो निष्कर्ष काढावयाचा, त्याचा काही अंश प्रयोगाच्या मांडणीतच पेरलेला असतो. शिवाय ओव्हॅल्ब्युमिन दीर्घकाळ हुंगविले तर उंदीर त्यास सरावतो व दाह ओसरतो. मनुष्याचा दमा मात्र वर्षानुवर्षे टिकतो. घरातील धुळीच्या किडींचा अर्क नाकावाटे देण्याची पद्धत या दृष्टीने सरस होय, कारण तीत त्या क्षाराची गरज पडत नाही आणि श्वासमार्गाच्या अस्तरापासूनच प्रतिक्रियेस आरंभ होतो.

दृष्टांत एकदेशी असतो, हे शास्त्रकारांचे म्हणणे येथेही लागू पडते. उंदीर हा दृष्टांत, रुग्ण हा दार्ष्टांतिक. दोहोंतील साम्य कोठपर्यंत पोहोचते, हे प्रत्येक प्रयोगाने सांगितले पाहिजे. ते न सांगता 'दम्याचे कारण सापडले' असे लिहिणे म्हणजे उंदराच्या रोगाचे निदान करून मनुष्यास औषध देणे होय.