‘स्मृतिचित्रे’: एका निर्णयाची साक्ष

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ (पहिला भाग १९३४) वाचताना आमच्या देवस्थानमंडळींतील पुष्कळ वाचक एके ठिकाणी अडखळतात. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेथपर्यंतचा संसार त्यांना आपला वाटतो, पुढचा परका. लक्ष्मीबाई १९०० मध्ये पतीच्या मागोमाग गेल्या, एवढा निकाल देऊन ते मोकळे होतात. हा निकाल पुराव्याला धरून नाही, असे आमचे मत आहे.

मधल्या पाच वर्षांचा वृत्तांत पाहावा. वियोगानंतर पतीजवळ राहावयास आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळेओवळे सोडले नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या मनाने दिले, तेव्हाच ते सुटले.

लक्ष्मीबाई कैफियत मांडीत नाहीत, साक्ष देतात. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, पतीचा तापटपणा, स्वतःची फजिती, काहीच त्या झाकीत नाहीत; म्हणून त्यांच्यावर विश्वास बसतो. नव्या श्रद्धेच्या अंतरंगाविषयी मात्र त्या फार थोडे बोलतात, ही उणीव आम्हांस जाणवते.

त्यांचा निर्णय आपणांस मान्य नसेल. परंतु देवळाची पायरी नित्य चढणाऱ्या आपल्यांपैकी कितीजणांनी आपली श्रद्धा अशी पारखून घेतली आहे? वारशाने आलेल्या मिळकतीचाही ताबा स्वतःच घ्यावा लागतो. तसा न घेतलेला धर्म संकटकाळी स्थैर्य देईल, याची हमी आम्ही देऊ शकत नाही.