साधुवाण्याची थकबाकी

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घर बांधलं, ट्रॅक्टर आला, मुलीचं लग्न झालं, की सत्यनारायण होतोच. पोथी सुरू झाली की मंडळींचे डोळे मिटू लागतात. माझे मात्र तिसऱ्या अध्यायाला टक्क उघडतात. कारण तिथून पुढे, बँकेतल्या माणसाच्या दृष्टीने, चक्क एका थकीत खात्याचा उतारा वाचला जातो.

साधुवाणी बोलतो, मूल झालं तर पूजा करीन. झाला करार! अट पुरी होते, कलावती जन्मते. बायको लीलावती आठवण देते. हा म्हणतो, मुलीच्या लग्नात करू. म्हणजे मुदतवाढ. लग्नही उरकतं, पूजा राहते ती राहतेच. मग वसुली निघते. रत्नसारपुरात चंद्रकेतू राजाचे शिपाई सासऱ्या-जावयाला चोर समजून आत टाकतात, माल जप्त.

आता टीकाकार म्हणून आधी चांगलं ते सांगतो. या खात्यात व्याज नाही! इतकी वर्षं गेली, मुलगी लग्नाची झाली, तरी सव्वाचं माप सव्वाच राहतं. त्याचं अडीच होत नाही. जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता, थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नसे. सावकाराला घातलेली ती वेसण. इथे तर थकबाकीदार सुटताना राजाच त्याला जप्त केलेल्या मालाच्या दुप्पट देतो. अशी शाखा कुठे असेल तर मी उद्या बदली मागतो.

पण वसुली भरली कुणी? शब्द दिला वाण्याने, विसरला वाणी. घरी चोरी होऊन अन्नाला महाग झाल्या त्या मायलेकी, आणि पूजा घालून खातं मिटवलं तेही त्यांनीच. १८७२च्या करार कायद्यात पक्षकार कोण, मोबदला काय, हे वेगवेगळं लिहिलेलं आहे. कलावती पक्षकार नव्हेच. ती तर करारातला मोबदला! आणि मोबदल्याकडून वसुली मी तरी अजून पाहिलेली नाही. एवढ्यावरही भागत नाही. नवरा आल्याचं ऐकून ती पोर प्रसाद न घेता घाटावर धावते, तर नवऱ्यासकट नाव गडप. सही नाही, अंगठा नाही, आणि दंड मात्र दोनदा.

हा आक्षेप माझा एकट्याचा नाही. घाटाखाली, खामगावकडच्या एका पूजेत, कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या आजीने महाराजांना मध्येच अडवलं, "काय केलतं जी त्या पोरीनं?"

महाराज म्हणाले, "पोथीत तसंच आहे, आजी."

"मंग लिवनाऱ्याले लेक नसन."

महाराजांनी पान उलटलं. शिऱ्याचं ताट फिरलं तेव्हा पहिला हात आजीचाच पुढे आला. प्रसाद न घेता उठायची हिंमत तिची नव्हती, माझीही नव्हती.