अन्ननीतीची स्तुतिभाषा

शासनाच्या आहारविषयक धोरणांचे परीक्षण आजवर वैद्यक, आहारशास्त्र आणि अर्थशास्त्र या शास्त्रांच्या अभ्यासकांनी केले आहे, आणि तो त्यांचाच अधिकार होय. तथापि धोरण जनतेपर्यंत पोहोचते ते प्रथम भाषेच्या रूपाने. एखादे नाव, एखादे घोषवाक्य किंवा वेष्टनावरील दोन शब्द हेच बहुसंख्य लोकांच्या दृष्टीने धोरण असते. या भाषेचा विचार भाषाभ्यासकाने करणे अस्थानी ठरू नये. विषय लहान नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहारामुळे येतो, असा अंदाज आहे. मधुमेह, रक्तदाब, हृद्रोग ही नावे आता खेड्यापाड्यांतही कोणाला समजावून सांगावी लागत नाहीत. अशा प्रसंगी शासन काय बोलते, आणि काय बोलण्याचे टाळते, हे पाहणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ज्वारी, बाजरी, नाचणी या धान्यांच्या नामांतराकडे वळू. यांना मराठीत सामान्यतः भरडधान्ये म्हणत. ‘भरडणे’ म्हणजे जाडसर दळणे. कोकणात हलक्या, वरकस जमिनीलाही ‘भरड’ म्हणतात, आणि नाचणी-वरी पिकते ती बहुधा अशाच जमिनीत. सारांश, शब्दात दळण्याची क्रिया आहे, जमिनीचा पोत आहे आणि काहीसा हलकेपणाचा वासही आहे. हा वास नाकारण्यात अर्थ नाही. पाहुण्यांना पोळी आणि घरच्यांना भाकरी हा भेद ज्या समाजात रूढ झाला, तेथे ‘भरड’ हे विशेषण निव्वळ वर्णनपर राहणे शक्यच नव्हते. एप्रिल २०१८मध्ये केंद्र शासनाने राजपत्राद्वारे या धान्यांना ‘न्यूट्री-सीरिअल्स’ हे नाव दिले. त्याचे मराठी रूप ‘पौष्टिक तृणधान्ये’ असे रूढ करण्यात आले. पुढे भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष या धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले, आणि १ फेब्रुवारी २०२३ रोजी अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्र्यांनी त्यांना ‘श्री अन्न’ म्हटले. पाच वर्षांच्या आत एका धान्यगटाला दोन नवी नावे मिळाली.

यांतील पहिल्या नावाचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. मराठीत ‘तृणधान्य’ या संज्ञेत गहू आणि भातही येतात. मग ‘पौष्टिक’ हे विशेषण व्यावर्तक मानावे, तर गहू-तांदूळ ही अपौष्टिक तृणधान्ये ठरतात, आणि तसे तर कोणतेही खाते म्हणणार नाही. ते केवळ शोभेचे मानावे, तर ज्वारीला गव्हापासून वेगळे करणारे त्या नावात काहीच उरत नाही. शिवाय २०१८च्या यादीत राजगिऱ्याचाही समावेश आहे. राजगिरा हे तृण नव्हे. ती पालेभाजीच्या कुळातील वनस्पती. इंग्रजी नावाचे भाषांतर करताना मूळ यादी कोणी उघडून पाहिली नसावी.

‘श्री अन्न’ हे नाव याहून महत्त्वाकांक्षी आहे. (संस्कृतच्या नियमाने त्याचा संधी ‘श्र्यन्न’ असा होईल, तो कोणी केला नाही हे ठीकच झाले.) मराठीत ‘श्री’ व्यक्तीच्या नावापूर्वी येते, देवतेच्या नावापूर्वी येते, ग्रंथारंभी येते. अन्नाला देवत्व देण्याची आपली परंपरा जुनी आहे खरी, परंतु त्या परंपरेत सारेच अन्न वंद्य असते. त्यातले एक निवडून त्यालाच ‘श्री’ लावला, की बाकीच्याचे काय होते, हा प्रश्न शिल्लक राहतो. दुसरी गोष्ट अशी, की स्वयंपाकघरात हे नाव कोठेच बसत नाही. तेथे जोंधळा आहे, शाळू आहे. कोकणात जी नाचणी ती नाशिककडे नागली. वरीचे तांदूळ उपवासाला चालतात आणि ‘भगर’ या नावाने वेगळेच स्थान मिळवतात. इतकी सूक्ष्म शब्दसंपत्ती ज्या भाषेत आहे, तिच्यावर एकच समूहवाचक गौरवनाम घालणे म्हणजे तिच्या बोलणाऱ्यांना काही ठाऊक नाही असे गृहीत धरणे होय.

अर्थोत्कर्ष, म्हणजे हलक्या अर्थाच्या शब्दाला उंची प्राप्त होणे, ही भाषेतील परिचित घटना आहे. परंतु ती वस्तूचे समाजातील स्थान बदलल्यानंतर घडते, आज्ञेने नव्हे. याचा उत्तम दाखला आपल्याकडे १९७२च्या दुष्काळाने ठेवला आहे. त्या काळी अमेरिकेतून आलेली तांबडी ‘मिलो’ स्वस्त धान्याच्या दुकानांतून वाटली गेली. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मिलो म्हणजे ज्वारीच. परंतु ज्यांनी ती खाल्ली, त्यांच्यापैकी कोणीही तिला ज्वारी म्हटले नाही. मिलो ती मिलोच राहिली, आणि तो शब्द पुढे कित्येक वर्षे कदान्नाचा पर्याय म्हणून वापरला गेला. शब्दाची किंमत त्या वस्तूच्या गुणधर्मांनी ठरली नाही. ती कोणी, कोणाला, कोणत्या परिस्थितीत दिली यावरून ठरली.

या कसोटीवर ‘श्री अन्ना’ची स्थिती काय? २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात या धान्यांचे नाव ‘कोर्स ग्रेन्स’, म्हणजे भरडधान्ये, असेच आहे. त्याच कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात दर किलोस तांदळाला ३ रुपये, गव्हाला २ रुपये आणि भरडधान्याला १ रुपया अशी किंमत ठरवली होती. जानेवारी २०२३पासून हे धान्य मोफत देण्यात येऊ लागले, त्यामुळे ही उतरंड दुकानात दिसत नाही. तरी गोणीतून मुख्यतः बाहेर पडतात ते गहू आणि तांदूळच. अर्थसंकल्पाच्या भाषणात जे ‘श्री’, ते कायद्याच्या परिशिष्टात पंगतीच्या शेवटी. नामांतराने काहीच साधले नाही असे मी म्हणत नाही; शहरांतील दुकानांत नाचणीची बिस्किटे आली, आणि ‘भरड’ शब्दाची लाज काहीशी ओसरली. पण बिस्किटातली साखर कोणी मोजायची, हा पुढचा प्रश्न आहे.

येथेच या भाषेचे दुसरे अंग दिसू लागते. ज्वारीची स्तुती करणारे शासन साखर, मीठ आणि तेल यांनी भरलेल्या वेष्टित पदार्थांविषयी कोणत्या शब्दांत बोलते? २०१८मध्ये सुरू झालेल्या ‘ईट राइट इंडिया’ या उपक्रमातील एक घोषवाक्य ‘आज से थोडा कम’ असे आहे. यात क्रियापद नाही, कर्ता नाही, परिमाण नाही. काय कमी आणि कोणी कमी करायचे? संदर्भावरून उत्तर निघते ते खाणाऱ्याने, करणाऱ्याने नव्हे. सप्टेंबर २०२२मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वेष्टनाच्या दर्शनी भागासाठी जो मसुदा काढला, त्यात अर्ध्यापासून पाच ताऱ्यांपर्यंतची श्रेणी सुचवली होती. साखर, मीठ, स्निग्धांश यांनी गुण घटतात. फळे, भाज्या, डाळी आणि भरडधान्ये यांच्या अंशाने ते पुन्हा चढतात. म्हणजे गोड बिस्किटात नाचणी घातली, की ‘श्री अन्न’ साखरेच्या मदतीला धावून येणार. चिन्ह म्हणून पाहिले तर ताऱ्याला ऋण बाजूच नाही. अर्धा तारा हाही ताराच. तो उणी स्तुती आहे, निषेध नव्हे.

निषेधाची भाषा शासनाला अशक्य नसते, हे चिलीने दाखवले आहे. तेथील २०१२चा कायदा जून २०१६पासून अमलात आला. त्यानुसार मर्यादा ओलांडणाऱ्या पदार्थावर काळा अष्टकोन छापावा लागतो, आणि त्यात ‘आल्तो एन’, म्हणजे अमुक घटकाचे प्रमाण उच्च, असे शब्द असतात. त्याखाली आरोग्य मंत्रालयाचे नाव असते. भाषिकदृष्ट्या या नावाचे महत्त्व मला सर्वाधिक वाटते: उक्तीला वक्ता आहे. असा अष्टकोन असलेला पदार्थ शाळेत विकता येत नाही, म्हणजे वाक्यामागे कृतीही आहे. पहिल्या टप्प्यानंतरच्या अभ्यासात अशा पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. अर्थात हे श्रेय एकट्या शब्दांचे नव्हे. मेक्सिकोने २०२०मध्ये आणखी एक पाऊल टाकले आणि ‘उच्च’च्या जागी ‘एक्सेसो’, म्हणजे ‘अतिरेक’, हा शब्द घेतला. ‘उच्च’ हे मापन आहे. ‘अतिरेक’ हा निवाडा आहे.

आपल्याकडे जुलै २०२५मध्ये समोसा आणि जिलबी यांवर इशाऱ्याचे फलक लागणार अशी बातमी नागपूरहून पसरली. वास्तविक आरोग्य मंत्रालयाची सूचना कार्यालयांच्या उपाहारगृहांत व सभाकक्षांत तेल-साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्यापुरती होती. शासनाने तातडीने खुलासा केला, की विक्रेत्यांच्या पदार्थांवर कोणताही इशारा छापण्यास सांगितलेले नाही. खुलासा वस्तुस्थितीला धरून होता. तरी ‘इशारा’ हा शब्द आपल्या अंगाला लागू नये यासाठी जी त्वरा दिसली, ती वेष्टनांच्या बाबतीत दिसलेली नाही. एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दर्शनी लेबलाच्या शिफारशींसाठी तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली होती. दरम्यान पोषण संस्थेच्या सतरा तत्त्वांपैकी शेवटचे तत्त्व नागरिकाला लेबल वाचण्यास सांगते, आणि नियम असा, की लेबलावरील मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला म्हणजे पुरे. इतर भाषा उत्पादकाच्या इच्छेवर.

समजा, उद्या असा इशारा मराठीत छापण्याचे ठरले, तर शब्द कोणता? ‘साखर जास्त’ चालणार नाही. चहाच्या दुकानात ती गिऱ्हाइकाची फर्माईश असते. ‘भरपूर’ आणि ‘युक्त’ हे जाहिरातीचे शब्द आहेत. ‘उच्च शर्करा’ म्हटल्यास ‘उच्च’ या विशेषणाची प्रतिष्ठा शर्करेला मिळते. भाषांतर विभाग बहुधा हाच शब्द निवडील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. ‘अतिरिक्त’ला शासकीय मराठीत ‘जादा’चा अर्थ चिकटला आहे. माझ्या मते जवळचा शब्द घरातच आहे: ‘साखर प्रमाणाबाहेर’, ‘मीठ प्रमाणाबाहेर’. त्यात प्रमाण आहे असे गृहीत आहे, ते ओलांडले गेले आहे असा निवाडा आहे, आणि आजीपासून नातवापर्यंत सर्वांना तो एकाच अर्थाने कळतो. मात्र त्याखाली, चिलीप्रमाणे, तो शब्द उच्चारणाऱ्या मंत्रालयाचे नाव हवे.