एक सायकल राहिली

नाताळ आपला सण नव्हे. पण बेळगावातल्या शाळांना त्याची सुट्टी असते, आणि सुट्टी म्हटली की नातवंडं माझ्याकडं. त्यांनी डीव्हीडी आणली होती ‘आर्थर ख्रिसमस’ची. मी मेथी निवडत बघायला बसले. लहान मुलांचा सिनेमा, त्यात कॉम्प्युटरवर काढलेला. डोकं चालवायचं काम नाही असं वाटलं होतं.

हा सिनेमा २०११ सालचा. ब्रिस्टलची आर्डमन ही कंपनी मातीच्या बाहुल्या हलवून सिनेमे करण्याबद्दल प्रसिद्ध. हा मात्र त्यांनी सगळा कॉम्प्युटरवर केला. दिग्दर्शन सारा स्मिथ या बाईंचं. गोष्ट सांताक्लॉजच्या घरातली आहे, आणि ते घर मला फार ओळखीचं वाटलं. सांतापण तिथं वडिलोपार्जित आहे. म्हातारे आजोबा निवृत्त होऊन कोपऱ्यात कुरकुरत बसलेत, आमच्या वेळी असं नव्हतं म्हणत. वडील माल्कम ७० वी फेरी करून आले तरी गादी सोडत नाहीत. थोरला स्टीव्ह खरा कारभार बघतो. मैलभर रुंद विमान, लाखो मदतनीस, प्रत्येक घराला मोजके सेकंद. धाकटा आर्थर वेंधळा, म्हणून त्याला मुलांच्या पत्रांना उत्तरं लिहायला बसवलेला. आपल्या पेठेतल्या कुठल्याही जुन्या दुकानात डोकावा, हीच चार माणसं दिसतील. फक्त लाल डगला नसेल.

सगळं वाटप आटोपतं आणि कळतं की इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमधल्या ग्वेन नावाच्या मुलीची सायकल राहिली. स्टीव्ह हिशोब मांडतो: एवढ्या कोटी मुलांत एक, म्हणजे चूक जवळजवळ शून्यच. वडील झोपायला जातात. आर्थरला मात्र झोप येत नाही, कारण ग्वेनचं पत्र त्यानं वाचलेलं असतं. मग तो, आजोबा आणि कागद गुंडाळण्यात पटाईत अशी ब्रायनी जुन्या ढकलगाडीसारख्या घसरगाडीतून निघतात.

इथं मी मेथी बाजूला ठेवली.

गेल्या जूनमध्ये आमच्या एका मंडळानं मुलांना दप्तरं आणि वह्या वाटल्या. यादी करायला मीच होते. दीडशेच्या आसपास नावं, एकही चूक नको म्हणून तीनदा तपासली. कार्यक्रम छान झाला, फोटो निघाले. सगळं आवरताना लक्षात आलं की तिथंच भांडी घासायला येणाऱ्या बाईची मुलगी राहिली. यादी घरं लिहून केली होती आणि तिचं घर कुणाच्याच गल्लीत बसत नव्हतं. मी तिला म्हटलं, “पुढच्या वर्षी पहिलं नाव तुझंच हं.” ती “बरं आज्जी” म्हणाली. घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं, दीडशेत एकच राहिली.

स्टीव्हची दाढी ख्रिसमसच्या झाडासारखी कापलेली आहे, त्याला हसू यावं म्हणून. मला हसू आलं नाही. सिनेमानं त्याच्यावर थोडा अन्यायही केलाय. राबतो तोच, आणि बाप त्याला गादी देत नाही. आकड्यांनी काम करणारा माणूस वाईट नसतो, तो दमलेला असतो. शेवटी तो स्वतःहून बाजूला होतो तो क्षण चांगला आहे, पण फार घाईत उरकलाय.

आता माझी खरी तक्रार. या घरात मार्गारेट म्हणून आई आहे. जेवणानंतर सगळे पट मांडून बसतात आणि सांताची सोंगटी कुणाची यावर तीन पिढ्यांची भांडणं लागतात. हा प्रसंग सिनेमातला सर्वांत अस्सल. भांडणावर पांघरूण घालायला आईच. रात्री अंथरुणात माल्कम म्हणतो की मी सांता नसलो तर मग मी कोण? ती ऐकून घेते. बायांनो, मी ते दृश्य रिमोट दाबून परत बघितलं. घरी बघण्याचा हा एक फायदा. थिएटरात असतं तर पुढं गेलं असतं. तिला हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि तीही विचारत नाही. दिग्दर्शक बाई आहेत, त्यांना हे दिसलं नसेल असं नाही. मार्गारेट शहाणी आहे हे दाखवलंय, तिच्याविषयी माया आहे. पण वारस कोण या चर्चेत तिचं नाव गमतीतसुद्धा निघत नाही. ब्रायनीला निदान सायकल गुंडाळायला मिळते, ते चिकटपट्टीचे तीन तुकडे तिला पुरतात. तिचं काम बघून मला आमच्या ताईंचं रुखवत आठवलं.

दुसरं एक खुपलं. प्रवासात रेनडिअर एकेक करून मागं पडतात आणि त्यावर विनोद होतात. एका मुलीसाठी पृथ्वीला वळसा घालणारी गाडी त्यांच्यासाठी मागं वळत नाही. धाकटा नातू म्हणाला, “त्यांना कोण नेणार?” थोरली म्हणाली, “सिनेमा आहे रे.” तिचंही खरंच. पण प्रश्न त्याचा बरोबर होता.

सायकल पोचते, ग्वेन उठायच्या आत. आणायला घरातली सगळी पुरुषमंडळी धावत आलेली; कुणी द्यायची यावर पुन्हा खळखळ. कुणीही द्या, पण द्या, एवढंच आर्थरचं म्हणणं. तिथं माझे डोळे भरले ते नातवंडांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी दप्तर घेतलं आणि पत्ता विचारत त्या बाईंच्या घरी गेले. पोरीनं जुन्याच दप्तराला नवी चेन बसवून घेतली होती, वह्या अर्ध्याअधिक लिहून झाल्या होत्या. माझ्या हातातलं दप्तर बघून ती आईकडं बघायला लागली. आई म्हणाली, “घे की, आज्जी आल्यात.”